‘या बसा’ विसरायचे कसे?

आमच्या व्याह्यांइतका शुभ बोलणारा मनुष्य अहिल्यानगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि शुभ बोलण्यापायी स्वतःची इतकी अडचण करून घेणाराही दुसरा नसेल. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ सात्त्विक माणसे पाहिली. वाणीची तपश्चर्या केलेले वृद्ध आचार्य पाहिले, नामस्मरणाखेरीज दिवसाला आरंभ न करणारे गृहस्थ पाहिले. पण त्यांतील प्रत्येकाच्या तोंडून केव्हा ना केव्हा, रिक्षावाल्याशी बोलताना म्हणा, धाकट्या भावाच्या वाटणीविषयी बोलताना म्हणा, एखादा कडू शब्द निसटलेला मी ऐकला आहे. व्याह्यांच्या तोंडून मात्र कधीच नाही. येथे मी केवळ शिवीगाळीविषयी बोलत नाही. ‘संपले’, ‘गेले’, ‘बंद’, ‘फुटले’ हे शब्द आपण दिवसभर फुटाण्यांसारखे तोंडात टाकीत असतो. व्याही ते शब्द ऐकतानासुद्धा किंचित मान फिरवतात.

दिवा ‘विझला’ न म्हणता ‘शांत झाला’ म्हणावे, तांदूळ ‘संपले’ न म्हणता ‘वाढले’ म्हणावे, दुकान ‘बंद केले’ न म्हणता ‘वाढवले’ म्हणावे, हा संकेत तुमच्या-माझ्या घरीही होता. माझ्या आईने डब्यातले कुंकू संपले असे कधी म्हटले नाही. परंतु आपण हा संकेत दिवा, तांदूळ आणि कुंकू यांच्यापाशी थांबवला. व्याह्यांनी त्याचे राज्य ट्रॅक्टरपर्यंत, विजेपर्यंत आणि एसटीच्या वेळापत्रकापर्यंत पसरवले. त्यांच्या घरी वीज जात नाही, अंधारात बसून ते शांतपणे सांगतात, “लाईट यायची हाय.” एसटी चुकली तर “गाडी पुढं झाली.” एकदा त्यांचा ट्रॅक्टर ऐन नांगरटीत बंद पडला, तेव्हा मिस्त्रीला फोन करून त्यांनी सांगितले, “ट्रॅक्टर इसाव्याला बसलाय.” मिस्त्री बिचारा म्हणाला, “बसू द्या की मग, अण्णा. उन्हाचा जोर हाय.” आणि विसावा महिनाभर चालला आहे हे त्याला कळेपर्यंत शेजाऱ्याची पेरणी उरकली होती. एका आप्ताच्या घरी दुःखद प्रसंगी भेटावयास गेलो असता व्याही दारात उभे राहून येणाऱ्यांना खालच्या आवाजात सांगत होते, “तात्या मोठ्या प्रवासाला निघाले.” त्यावर वैजापूरकडचे एक पाहुणे हातातली पिशवी खाली ठेवीत म्हणाले, “आत्ता? मला भेटल्याबिगर? कोनत्या गाडीनं?” त्या घरात त्या दिवशी जे एकदाच कोणी हसले, ते त्या वाक्याला, आणि हसली ती प्रत्यक्ष तात्यांची वृद्ध बहीण.

ही सोयरीक जुळली ती ईश्वरी इच्छेने. माझी कन्या त्यांच्या चिरंजीवांना दिली आहे. दोघेही पुण्यास नोकरी करतात. मी राहुरीस राहतो. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो. व्याही कोल्हारास, प्रवरेच्या काठी, ऊस, चाऱ्याचा घास आणि गाई यांच्या सहवासात असतात. घराणी निराळी, बोली निराळ्या. ते मला ‘गुरुजी’ म्हणतात, मी त्यांना ‘व्याहीबुवा’ म्हणतो, आणि सगळे कोल्हार त्यांना ‘अण्णा’ म्हणते. हे नाव लिहावयास सोपे असले तरी खुद्द अण्णांना ते उच्चारता येत नसे. फोन उचलताच ते सांगत, “हां, अन्ना बोलतोय.”

त्यांच्या घरी वायफाय आले त्या दिवशी मी योगायोगाने तेथे होतो. भिंतीवर ते पांढरे डबडे बसवून झाल्यावर तंत्रज्ञाने विचारले, “नेटवर्कला नाव काय ठेवू?” व्याह्यांनी बारशाच्या गांभीर्याने डोळे मिटले. मला वाटले, एखाद्या देवतेचे नाव सांगतील. त्यांनी डोळे उघडून सांगितले, “या बसा.” तंत्रज्ञ म्हणाला, “बसतो, पण आधी नाव सांगा.” “अरे बाबा, हेच नाव. मानूस दारात आला की पैल्यांदा काय म्हनतो आपन?” मग परवलीच्या शब्दाचा प्रश्न निघाला. त्यांना ती कल्पनाच रुचेना. दारावर ‘या बसा’ लिहायचे आणि आतून कडी घालायची, हे कोणत्या रीतीत बसते? शेवटी तडजोड म्हणून पासवर्ड ठरला, ‘चहा घ्या’. त्याचा परिणाम असा झाला की गाय तपासायला आलेल्या डॉक्टरांनी पासवर्ड विचारला, व्याही म्हणाले, “चहा घ्या.” डॉक्टरांनी चहा घेतला आणि पुन्हा विचारले. “चहा घ्या.” सभ्य मनुष्य! त्यांनी पुन्हा घेतला. गाय बरी झाली. डॉक्टरांना मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगत आहे, तिच्याकडे वळतो. निवृत्तीनंतर मी संगणकावरून स्तोत्रपठनाचा एक वर्ग चालवतो. एक मोठे स्तोत्र शुद्ध उच्चारांनिशी पाठ करावयाचे आणि मग पुण्यातील परीक्षकांसमोर, पडद्यावरूनच, ते म्हणून दाखवायचे. परीक्षेचा नियम कडक आहे. विद्यार्थ्याने डोळे मिटून म्हणावे, खोलीत दुसरे कोणी असू नये. आमच्या विहीणबाई ही परीक्षा गेल्या वर्षी उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या. तेव्हापासून पहाटे गोठ्याचे काम आवरले की त्या देवापुढे बसून एकट्याच स्तोत्र म्हणत, आणि व्याही दुधाच्या किटल्या धुता धुता बाहेरून ऐकत. एके दिवशी ते म्हणाले, “मी बी बसू का संगं?” विहीणबाई म्हणाल्या, “बसाल हो, पन जिभेला आधी ण आना. देवाला ‘नारायन’ म्हनून हाक मारली तर तो म्हनंल, दुसऱ्या कुनाला बोलावतायत. पास व्हा, मग जोडीनं म्हनू.” हे सांगताना त्यांनी स्वतः ‘म्हनू’ म्हटले, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले नाही. स्तोत्रातला त्यांचा णकार निर्दोष होता, बोलण्यातला त्यांच्या माहेरचा होता, आणि दोन्ही आपापल्या जागी शोभत होते.

थट्टेत निघालेला तो शब्द व्याह्यांच्या मनाला लागला. त्यांनी मला एकदा उसाच्या बांधावर उभे राहून सांगितले, “गुरुजी, संसार आमचा जोडीनं झाला म्हनायचं. पन ती उसाला पानी धरायला असली की मी गाईंकडं, अन् मी बाजारात असलो की ती रानात. शेजारी शेजारी बसलो असू ते लग्नातच. त्यो पाट सोडला, तवापास्नं उभंच.” मी त्यांना वर्गात घेतले.

णकार हा मूर्धन्य वर्ण. जिभेचे टोक उलटे वळवून टाळूच्या माथ्याला लावावे लागते. हे मी आकृती काढून शिकवले, तळहाताची कमान करून दाखवले. काही उपयोग झाला नाही. एके दिवशी व्याही गाई हाकताना जिभेने ‘टॉक’ असा आवाज करीत होते. मी म्हणालो, “व्याहीबुवा, थांबा! आता जीभ जेथे आहे तेथेच ठेवा आणि म्हणा.” त्यांनी म्हटले, आणि अहाहा, काय तो णकार! मात्र पुढे कित्येक दिवस प्रत्येक णकाराच्या आधी एक ‘टॉक’ येत असे. ते गोठ्यापाशी बसून पाठ म्हणू लागले की ‘नारायण’ येताच बसलेल्या गाई उठून चालू लागत. विहीणबाई म्हणत, “अहो, आत बसून म्हना! देव उठंल तवा उठंल, गाई काऊन उठवता?”

सहा महिने असा अभ्यास करून व्याही परीक्षेस बसले. माझ्या कन्येने त्यांना लॅपटॉप आणून दिला होता, आणि सासऱ्यांना वाचता यावे म्हणून त्यातील सर्व सूचना मराठीत करून दिल्या होत्या. ही सोय पुढे कशी अडचण ठरली ते येईलच. मी सुचवले होते की मोबाईलवरूनच परीक्षा द्या. त्यांना ते पटले नाही. “ज्याच्यात मी कांद्याचा भाव बघतो, त्याच्यात तोंड घालून देवाचं म्हनायचं?” त्यांनी स्नान केले, धूतवस्त्र नेसले, दार लावून घेतले. मी राहुरीस माझ्या घरी बसून प्रार्थना करीत होतो. घटकाभराने फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “गुरुजी, एका दमात! एक अक्षर हाललं न्हाई! डोळं उघडले तर पडद्यावर कुनीच न्हाई. मला वाटलं, ऐकून भारावून उठले असतील.”

भारावून कोणीही उठलेले नव्हते. पठनास आरंभ होऊन थोडा वेळ झाला असेल नसेल, वीज क्षणभर गेली आणि परत आली. पांढरे डबडे पुन्हा सुरू झाले, घरातले मोबाईल मुकाट्याने त्याला जोडले गेले. लॅपटॉप मात्र जोडला गेला नाही. त्याला दरवेळी हाताने बोलवावे लागे. पडद्यावरच्या यादीत ‘या बसा’वर बोट ठेवायचे, ‘जोडा’ म्हणायचे, तेव्हा स्वारी यायची. डोळे मिटलेल्या व्याह्यांना हे कळावे कसे? त्यांनी उरलेले सारे स्तोत्र, सर्व णकारांसह, त्या मुक्या यंत्रापुढे म्हटले. परीक्षकांनी वाट पाहिली आणि पुढल्या विद्यार्थ्याला बोलावले. त्यांनी सौजन्याने आणखी एक संधी दिली. पण ती या वर्षीची अखेरची होती. पुन्हा तसेच झाले असते तर वर्षभर थांबावे लागले असते, आणि व्याह्यांच्या वयाला वर्ष हा फार लांबचा वायदा होतो.

मी दुसऱ्याच दिवशी एसटीने कोल्हारास गेलो. प्रथम इन्व्हर्टरची चौकशी केली. इन्व्हर्टर होता, चांगला मोठा होता. तो त्यांनी गोठ्यातल्या पंख्यांना जोडला होता. “गाईंना उकडतं, गुरुजी. इंटरनेटला काय उकडतंय?” मग आम्ही दोघे लॅपटॉपपुढे बसलो. व्याह्यांनी तोवर स्वतःचे निदान केलेच होते. “ह्यो मानी हाय. बोलावल्याशिवाय येत न्हाई. आमचं चुलतसासरं असंच हुतं. लग्नघरासमोर बैलगाडीत बसून राह्यचं, कुनी हळदीकुंकू घेऊन आल्याबिगर खाली पाय टाकायचं न्हाई. त्यात चूक काय हाय?” असे म्हणून त्यांनी त्या यंत्राकडे नात्यातल्या वडीलधाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले.

मी कन्येला फोन लावला. ती म्हणाली, “बाबा, आधी सांगा, तो कधी पूर्ण बंद करतात का?” मी व्याह्यांकडे पाहिले. ते आढ्याकडे पाहू लागले. पडद्यावर मराठीत स्वच्छ लिहिले होते, ‘बंद करा’. ज्या माणसाने आयुष्यात दुकानसुद्धा बंद म्हटले नाही, तो त्या अक्षरांवर बोट ठेवणार? घरात आल्यापासून तो लॅपटॉप एकदाही बंद झालेला नव्हता. रोज झाकण मिटून त्याला निजवले जात असे, वर गमछा पांघरला जात असे. “निजलेलं बरं,” व्याही पुटपुटले.

कन्या हसली, आणि पुढे म्हणाली, “तो एकदा बंद करून सुरू करा. मग नेटवर्कच्या यादीत जाऊन ‘विसरा’ दाबा. मग पासवर्ड घालून नव्यानं जोडताना ‘आपोआप जोडा’वर खूण करा. ती खूण राहिली असणार.”

पहिला भाग मी सोडवला. “व्याहीबुवा, आपण दुकान वाढवतो ना? तसा हा लॅपटॉप वाढवू या.” हे त्यांना तत्काळ पटले. “वाढवा की!” म्हणून त्यांनी स्वतः बटण दाबले. यंत्र शांत झाले, पुन्हा उजळले. पण दुसरी पायरी आली आणि व्याह्यांचा हात मागे गेला. पडद्यावर ‘या बसा’ हे नाव होते, आणि त्याखाली, जणू कोणी दारात येऊन घरधन्याच्या तोंडावर फेकावा तसा एक शब्द: ‘विसरा’.

“ह्ये मी करायचा न्हाई,” ते म्हणाले. “आल्यागेल्याला ‘या बसा’ म्हनायचं, ह्ये माझ्या बापानं शिकवलं. ‘या बसा’ विसरा? मग मानसानं ध्यानात काय ठेवायचं?”

“अहो, ते यंत्र आहे. पुन्हा जोडायचेच आहे.”

“ते खरं. पन पैल्यांदा विसरायचं, मग वळख काढायची, ह्ये आमच्यात बसत न्हाई. पाव्हन्याला वळख दाखवली न्हाई तर त्यो पुन्यांदा येईल व्हय?”

स्वयंपाकघरातून विहीणबाईंचा आवाज आला. “गुरुजी, त्यांना बटनावाचून लई विसरता येतं. काल मिरच्या आना म्हनलं हुतं!”

“मिरच्या यायच्या हायेत!” व्याही ओरडले.

मी मुळीच हसलो नाही. माझे स्वतःचे आयुष्य शब्दांच्या उपासनेत गेले आहे. एखाद्याला एक शब्द ओठांवर आणवत नसेल, तर त्यात हसण्यासारखे मला काही वाटत नाही. त्याला दुसरा शब्द द्यावा लागतो, इतकेच. मी चष्मा पुसला आणि विचार केला. मग विचारले, “व्याहीबुवा, अनंत चतुर्दशीला आपण गणपतीचे विसर्जन करतो. तेव्हा त्याला विसरतो काय?”

“छे, छे! काय बोलता, गुरुजी!”

“मूर्ती प्रवरेत सोडल्यावाचून पुढल्या वर्षी नवी आणता येते काय?”

“न्हाई. पन तिथं आपन ‘लवकर या’ म्हनतो. हितं ‘विसरा’ लिहिलंय.”

“शब्द चुकला आहे,” मी म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो. “भाषांतर करणाऱ्याने घाई केली असावी. येथे ‘निरोप द्या’ असे हवे होते. विद्यार्थ्याच्या वहीत असते तर मी खाली रेघ मारली असती. आणि पुढे ‘आपोआप जोडा’ अशी जी खूण आहे ना, तिचा अर्थ प्रतिष्ठा. पार्थिव, म्हणजे मातीच्या, मूर्तीला पूजेच्या आरंभी आवाहन करावे लागते, अखेरीस विसर्जन करावे लागते. पण देव्हाऱ्यात एकदा जिची प्रतिष्ठा झाली, तिला रोज ‘या’ म्हणावे लागत नाही. ती तेथे असतेच. आजवर तुमच्या या यंत्राला रोजचे आवाहन चालले होते. आता आपण त्याला निरोप देऊ, आणि मग मानाने आणून कायमचे बसवू.”

व्याह्यांनी एकदा पडद्याकडे, एकदा भिंतीवरच्या डबड्याकडे पाहिले. मग उठून आत गेले. परत आले ते हातात दह्याची वाटी घेऊन. गावाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालायचे, म्हणजे तो सुखरूप परत येतो. ते त्या पांढऱ्या डबड्यासमोर उभे राहून दही कोठे घालावे याचा विचार करू लागले. विहीणबाई धावतच बाहेर आल्या. “अहो, त्याच्यावर सांडाल! बंद पडंल ते!”

“असं बोलू न्हाई,” व्याह्यांनी त्यांना दटावले आणि वाटी डबड्याखालच्या फळीवर अदबीने ठेवली. मग लॅपटॉपपाशी बसले, डोळे मिटले, म्हणाले, “लवकर या,” आणि ‘विसरा’वर बोट ठेवले. ‘या बसा’ आमच्या पडद्यावरून उतरले. व्याह्यांनी श्वास रोखला. क्षणभराने यादीत ते नाव पुन्हा दिसू लागले, आणि ते आनंदाने उद्गारले, “आलं की लगीच!” मी त्यांच्याकडून ‘आपोआप जोडा’वर खूण करवली, पासवर्ड घालून घेतला. मग खात्री करण्यासाठी डबड्याचा विजेचा खटका खाली केला आणि पुन्हा वर केला. हे पाहायला नको म्हणून व्याही भिंतीकडे तोंड करून उभे होते. डबड्यावरचे हिरवे दिवे एकेक करून लागले. लॅपटॉपला कोणीही हात लावला नाही. कोपऱ्यातली वायफायची पंख्यासारखी खूण आपली आपण उमटली. “वळा,” मी म्हणालो. ते वळले, पाहिले, आणि दोन्ही हात पुढे करून त्या लॅपटॉपला म्हणाले, “या, या, या!” दही मग आम्ही तिघांनी साखर घालून खाल्ले.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी कोल्हारातच होतो. दार लावून व्याही आत बसले. विहीणबाई आणि मी बाहेर ओट्यावर. आतून ‘टॉक’ ऐकू येत नव्हता, केवळ णकार ऐकू येत होता. अर्धे स्तोत्र झाले असेल, आणि माथ्यावरचा पंखा मंद होत होत थांबला. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मी खिडकीतून पाहिले. भिंतीवरच्या डबड्याचे सगळे दिवे मालवले होते. आतला आवाज मात्र त्याच लयीत चालू होता. त्याला ठाऊकच नव्हते. दार उघडून सांगावे, तर नियमाचा भंग; न सांगावे, तर हा मनुष्य पुन्हा एकदा रिकाम्या पडद्याला स्तोत्र ऐकवीत राहणार. विहीणबाई मला हळूच म्हणाल्या, “गुरुजी, मी उगाच म्हनले हो पास व्हा म्हनून. तसंच बसवायला पायजे हुतं शेजारी.” माझा जप चालला होता, आणि खरे सांगायचे तर त्या जपात त्या दिवशी यंत्राचाही अंतर्भाव होता.

पंखा फिरू लागला. डबड्यावर एक दिवा लागला, मग दुसरा. त्यानंतर पुष्कळ वेळ काहीच घडले नाही, आणि आत स्तोत्र समाप्त झाले. मग आतून एका स्त्रीचा आवाज आला, जरासा खरखरीत, पण स्पष्ट: “अण्णा, फार छान. मधला काही भाग आमच्यापर्यंत पोहोचला नाही. तेवढा पुन्हा म्हणाल का?”

विहीणबाईंनी माझा हात धरण्यासाठी हात पुढे केला आणि मर्यादेने मागे घेतला.

“कुठनं म्हनू, ताई?”

“तुम्हाला सोयीचं होईल तिथून.”

“मग पैल्यापासनंच म्हनतो की!” व्याही म्हणाले. आणि त्यांनी खरोखरच आरंभापासून अखेरपर्यंत सारे स्तोत्र पुन्हा म्हटले. परीक्षकबाईंनीही ते शांतपणे ऐकले. बाहेर आल्यावर घाम पुसत त्यांनी आम्हाला विचारले, “मधी लाईट यायची हुती का?”

निकाल यथावकाश लागला. उत्तीर्ण. त्यानंतर मी कोल्हारास मुक्कामाला गेलो असता पहाटे मला जाग आली ती दोन आवाजांनी. किटल्या दारात तशाच पडल्या होत्या. आत दोन पाट शेजारी शेजारी मांडलेले होते. विहीणबाईंची गती द्रुत, व्याह्यांची विलंबित. दोघांचा मेळ काही बसत नव्हता. व्याह्यांना चरणाच्या शेवटी श्वास घ्यावा लागतो. विहीणबाई प्रत्येक चरणापाशी पोहोचून थांबत, त्यांच्याकडे न पाहता, आणि ते आले की मग दोघे मिळून पुढला चरण उचलीत.

हल्ली मीही त्या पाठात असतो. व्याह्यांचाच आग्रह. “घरात एकल्यानं कशापायी म्हनायचं, गुरुजी?” ते म्हणाले होते. माझ्या पत्नीला देवाघरी जाऊन काही वर्षे झाली आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. त्याविषयी त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही. पहाटे ते लॅपटॉप उघडून दोन पाटांच्या मधोमध ठेवतात, आणि मी राहुरीस माझ्या देवापुढे बसतो. इतक्या अंतरावरून माझा आवाज त्यांच्यापाशी थोडा उशिराने पोहोचतो. पहिल्या दिवशी मी गडबडून घाई केली. आता करीत नाही. चरण म्हणून झाला की ते दोघेही थांबतात, आणि माझा शेवटचा वर्ण तेथे पोहोचेपर्यंत कोणीच पुढे जात नाही.